पेशंट नीट बघायचा कसा: नर्सिंगच्या पोरापोरींसाठी, खान्देशातल्या वॉर्डातून

टीपीआर चार्टवर (ताप, नाडी, श्वास लिहायचा तक्ता) श्वासाच्या रकान्यात सगळ्या वॉर्डाला २० लिहायचं आधी बंद करा. बाकीचं सगळं नंतर. जळगावला जा, धुळ्याला जा, कुठल्याही मेडिकल वॉर्डात चार्ट उघडला की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २०, २०, १८, २०. न्यूमोनियावाल्याचा पण २० आणि हर्नियाचं ऑपरेशन होऊन उद्या घरी जाणाऱ्याचा पण २०. असं कसं असेल? नाडी, बीपी, एसपीओटू (रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्का) मशीन सांगून देतं, पण साध्या वॉर्डात श्वास मोजणारं मशीन नसतं आणि मॉनिटर असला तरी पेशंट हलला की त्याचा आकडा भरकटतो, म्हणून तो माणसानेच मोजायचा असतो. आणि नेमका तोच आकडा बहुतेक वेळा सगळ्यात आधी बिघडतो, बीपी पडायच्या कितीतरी आधी.

मोजायचा असा. पेशंटला "तुमचा श्वास मोजते" असं सांगायचं नाही, सांगितलं की तो लगेच लांब लांब श्वास घ्यायला लागतो. मनगट हातात धरा, नाडी मोजून झाली की हात तसाच धरून ठेवा आणि नजर छातीवर न्या, घड्याळात पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचा शॉर्टकट आजारी माणसाला लावू नका, एक श्वास इकडेतिकडे झाला तर आकडा चारने बदलतो. चादर, गोधडी, पदर जे असेल ते बाजूला करा, चादरीवरून श्वास मोजता येत नाही. मोठ्या माणसाचा १२ ते २०. २० च्या वर गेला की लक्ष ठेवा, आणि २५ किंवा जास्त असला तर पेशंट बिघडतोय का ते आकड्यांवरून सांगणारा न्यूज-टू नावाचा जो स्कोअर आहे ना, त्यात या एकट्या आकड्याला सरळ ३ मार्क पडतात, म्हणजे बाकी सगळं छान दिसत असलं तरी डॉक्टरला कळवायचं. ८ किंवा कमी असला तरी तेच. लहान मुलांचं वेगळं, ते पाठच करा: २ महिन्यांच्या आतलं बाळ ६० किंवा जास्त, २ महिने ते १ वर्ष ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षं ४० किंवा जास्त म्हणजे जलद श्वास. आणि बाळ शांत असताना मोजायचं, रडत असताना मोजलेला आकडा काही कामाचा नाही.

श्वास वाढला म्हणजे छातीचाच आजार असं पण समजू नका. शुगर ५०० च्या वर जाऊन रक्तात आम्ल वाढलेला पेशंट असतो, त्याची छाती एकदम साफ असते पण तो खोल खोल, जोरजोरात श्वास घेत राहतो, कारण शरीर ते आम्ल कार्बन डायऑक्साइडच्या रूपात बाहेर टाकायला बघतं. सेप्सिसमध्ये (इन्फेक्शन अख्ख्या शरीरावर उलटतं ते) पण तेच, रक्तस्रावात पण तेच. असा पेशंट दिसला की "घाबरलाय, पॅनिक झालाय" म्हणून मोकळं व्हायचं नाही, आधी शुगर बघा, ताप बघा, नाडी बघा.

आता सुरुवातीपासून. बेडजवळ जाऊन मशीन लावायच्या आधी लांबूनच पाच-दहा सेकंद नुसतं बघा. पेशंट झोपलाय की बसून पुढे वाकून दोन्ही हात गुडघ्यावर टेकवून श्वास घेतोय? बोलताना पूर्ण वाक्य येतं की दोन शब्दांनी थांबतो? घाम आलाय? नाकपुड्या फुलताहेत? नातेवाईकांकडे बघतोय की छताकडे? पोट धरून गुपचूप पडलेला आणि हलायलाच तयार नसलेला पेशंट (पोटात काहीतरी फुटलंय असं डोक्यात आलं पाहिजे) आणि बेडवर तळमळत लोळणारा पेशंट (मुतखडा बऱ्याचदा असाच असतो) हे दोन्ही लांबूनच वेगळे दिसतात. हे नुसतं बघणं क्लासमध्ये कोणी मार्कांना विचारत नाही पण कॅज्युअल्टीत तेच कामाला येतं.

मग क्रम. वायुमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध, आणि मग कपडे बाजूला करून अंग. पुस्तकात एबीसीडीई म्हणून आहे तेच. बोलतोय म्हणजे वायुमार्ग तूर्तास मोकळा आहे. घोरल्यासारखा आवाज म्हणजे जीभ मागे पडतेय, गरगर आवाज म्हणजे घशात लाळ किंवा उलटी साचलीय, सक्शन घ्या. यातलं काही बिघडलेलं सापडलं की तिथेच थांबून हाक मारायची, पुढचं हेड-टू-टो असेसमेंट (डोक्यापासून पायापर्यंतची तपासणी) पूर्ण करत बसायचं नाही. जर्नलमध्ये फॉर्म पूर्ण भरायचा असतो म्हणून पोरं पेशंटचे ओठ निळे दिसताहेत तरी "जेवण आवडीचं काय" विचारत बसतात, हे मी स्वतः बघितलंय.

हिस्ट्री घेताना आपल्याकडची गोम अशी की आपला माणूस दुखणं कमी करून सांगतो. विशेषतः शेतातला म्हातारा माणूस. "काय त्रास होतोय" असं पुस्तकी विचारलं की "काही नाही" हेच उत्तर येतं. त्याच्या बोलीत, म्हणजे अहिराणीत विचारा. "आप्पा, कथा दुखी ऱ्हायनं? बोट ठेवीसन दखाडा." (कुठे दुखतंय, बोट ठेवून दाखवा.) मग आप्पा म्हणतात "काही नही व्हयनं वं बेटा, जरासं छातीमा दाटी ऱ्हायनं," आणि बोट न ठेवता अख्खा पंजा छातीच्या मधोमध ठेवतात. त्या पंजाकडे बघा. एका बोटाने दाखवलेलं दुखणं आणि पंजाने दाखवलेलं दाटणं यात बराच फरक असतो, आणि सोबत घाम, मळमळ, डावा हात किंवा जबडा असं काही असलं तर दहा मिनिटांच्या आत ईसीजी निघाला पाहिजे. शुगरवाल्या पेशंटला आणि बायकांना छातीत न दुखता नुसता दम, नुसती पित्त झाल्यासारखी मळमळ एवढ्यावरच हार्ट अटॅक येऊ शकतो, म्हणून "अ‍ॅसिडिटी असेल" हे वाक्य तुमच्या तोंडून निघू देऊ नका.

नंदुरबारकडे पोस्टिंग असेल तर अहिराणी पण पुरत नाही. धडगाव, अक्कलकुवाचे पेशंट पावरी नाहीतर भिली बोलतात, आणि मराठीत विचारलं की मान डोलावून सगळ्यालाच "हो" म्हणतात. तिथे सोबत आलेली आशाताई, नाहीतर वॉर्डातलीच बोली येणारी मावशी किंवा मामा यांना सोबत घ्या, आणि हो-नाहीत उत्तर येईल असा प्रश्नच विचारू नका. "ताप आहे का" ऐवजी "किती दिवसांपासून, रात्री जास्त की दिवसा, थंडी वाजते का" असं. बाई पेशंट असेल आणि शेजारी सासू बसलेली असेल तर पाळी, गर्भ, अंगावरचं जाणं, मारहाण यातलं काहीच खरं कळणार नाही, सासूबाईंना केसपेपर काढायला पाठवा आणि मग विचारा. पाळीची तारीख तर पोट दुखणाऱ्या प्रत्येक वयात आलेल्या बाईला विचारायचीच.

चार-पाच गोष्टी कोणालाही विचारायच्या राहता कामा नयेत: कशाची अ‍ॅलर्जी, कोणत्या गोळ्या चालू आणि त्यातल्या कोणत्या स्वतःहून बंद केल्या, आधीचे आजार-ऑपरेशन, शेवटचं खाल्लं कधी, आणि हे सुरू व्हायच्या आधी तुम्ही काय करत होता. गोळ्यांचं नाव कोणालाच आठवत नाही, "पांढरी छोटी गोळी" म्हणतात, तर घरी फोन लावून पाकिटाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा. गावच्या डॉक्टरने काल सुई दिली का, सलाईन लावली का, हे पण विचारा, नाहीतर इथे तेच औषध दुसऱ्यांदा जायचं.

बीपी. याच्यावर थोडं थांबते कारण इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. पेशंट पाच मिनिटं बसलेला पाहिजे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या लेव्हलला कशावर तरी ठेवलेला, आणि मोजताना तो बोलत नाही तुम्ही पण बोलत नाही. कफ उघड्या दंडावर, ब्लाऊजच्या बाहीवर नाही. कफच्या आतली जी रबरी पिशवी असते ती दंडाच्या घेराच्या ८० टक्के भाग झाकणारी हवी. जाड दंडाला छोटा कफ लावला तर बीपी खोटा जास्त येतो, आणि काडीसारख्या दंडाला मोठा कफ लावला तर खोटा कमी येतो. सातपुड्यातून येणाऱ्या बारीक अंगाच्या गरोदर बायांना हे फार लागू आहे, कफ मोठा पडतो आणि वाढलेलं बीपी "नॉर्मल" म्हणून लिहिलं जातं. आधी नाडी चाचपून कफ फुगवा, नाडी जिथे गायब होते त्याच्या ३० वर न्या, मग स्टेथो लावून सेकंदाला २-३ च्या वेगाने सोडा. नुसत्या अंदाजाने १६० पर्यंत फुगवून सोडलं तर काही लोकांत आवाज मध्येच गायब होऊन परत येतो आणि वरचा आकडा साफ चुकतो. आणि आकडे शून्याने संपवायची सवय सोडा, १२०/८० सगळ्यांचं नसतं, ११४/७६ आलं तर तेच लिहा. डायलिसिसचा फिस्टुला (सुई टोचायला ऑपरेशन करून जोडलेली शीर) असलेल्या हाताला, आणि ज्या बाजूचं स्तनाचं ऑपरेशन होऊन काखेतल्या गाठी काढल्यात त्या हाताला कफ बांधायचा नाही.

गरोदरपणात २० आठवड्यांनंतर १४०/९० किंवा जास्त आलं तर पेशंटला लगेच तीन प्रश्न: डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे अंधारी-चमकी येते का, छातीखाली पोटाच्या वरच्या भागात दुखतं का. यातलं एक जरी "हो" आलं तरी झटके येऊ शकतात हे धरून चाला. ते झटके रोखायला मॅग्नेशियम सल्फेट चालू असेल तर प्रत्येक डोसच्या आधी गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय उडतो का, श्वास मिनिटाला १६ तरी आहे का, आणि लघवी तासाला ३० मिली तरी होतेय का हे तीन बघायचंच, आणि त्याचा उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट ट्रेमध्ये काढून ठेवायचं, कपाटात नाही.

नाडीत आकड्यापेक्षा हाताला काय लागतं ते बघा. अनियमित लागली तर पूर्ण मिनिट, आणि स्टेथो लावून हृदयाचे ठोके पण मोजा, दोघांत फरक असला तर दोन्ही लिहा. तरुण माणसाच्या अंगातलं १५ ते ३० टक्के रक्त गेलं तरी बीपी बऱ्यापैकी टिकून राहतो, नाडी मात्र धावायला लागते, हातपाय गार पडतात. म्हणून हायवेवरच्या अपघाताचा पोरगा बीपी ११०/८० घेऊन आला आणि नाडी १२५ असेल तर तो "स्टेबल" नाही. नखावर किंवा छातीच्या हाडावर ५ सेकंद दाबा, सोडल्यावर २ सेकंदांत रंग परत आला पाहिजे. बीपीच्या काही गोळ्या (मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल वगैरे) घेणाऱ्याची नाडी मात्र शॉकमध्ये पण धावत नाही, त्याला या नियमात बसवू नका.

एसपीओटू लावताना नेलपेंट पुसा, बोट गार असेल तर चोळून गरम करा, गडद मेंदी असेल तर दुसरं बोट किंवा कानाची पाळी. मशीनवरची नाडी आणि तुम्ही मोजलेली नाडी जुळत नसेल तर त्या आकड्यावर विश्वास नको. सावळ्या-काळ्या कातडीत मशीन थोडा जास्त आकडा दाखवू शकतं. आणि वर्षानुवर्षं चुलीपुढे बसलेल्या किंवा बिडी ओढणाऱ्या जुन्या दमेकऱ्याला ९८ वर न्यायचं नसतं, त्याचं टार्गेट बहुधा ८८ ते ९२ असतं, डॉक्टरला विचारून केसपेपरवर तसं लिहून घ्या, नाहीतर नातेवाईक येऊन ऑक्सिजनचा नॉब फिरवून जातात.

रंग बघायचा तर पुस्तकातल्या गोऱ्या कातडीचे फोटो विसरा. फिक्कटपणा खालच्या पापणीच्या आत, जिभेवर, तळहाताच्या रेषांत बघा. निळेपणा जिभेवर आणि हिरड्यांवर. कावीळ डोळ्याच्या पांढऱ्या भागात, खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, पिवळ्या बल्बखाली सगळेच पिवळे दिसतात.

नंदुरबारकडचं आणि चोपडा, यावल, रावेर, शिरपूरच्या वरच्या पाड्यांतलं पोरगं फिक्कट आणि पिवळसर डोळ्यांचं दिसलं, अंग दुखतंय म्हणून रडत आलं, की सिकलसेल (आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार) डोक्यात आलाच पाहिजे. आपल्याकडे भिल्ल-पावरा समाजात तो बराच आहे, आणि १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून केंद्राचं सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झाल्यापासून तपासणी वाढलीय, त्यामुळे घरी कार्ड आहे का ते विचारा. नुसती सोल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह म्हणजे पेशंट असं नाही, वाहक पण पॉझिटिव्ह येतो, पक्कं इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनच्या तपासण्यांवरच कळतं.

या पेशंटचं दुखणं खरं माना. क्रायसिसमध्ये (सिकलसेलचं दुखणं एकदम उसळतं तेव्हा) नाडी-बीपी साफ नॉर्मल असू शकतात, काहीजण सवयीने मोबाईल बघत पडलेले असतात आणि विचारलं तर दहापैकी नऊ सांगतात, ते नऊच लिहायचं. "नाटक करतोय, इंजेक्शनची सवय लागलीय" असं वॉर्डात सर्रास बोललं जातं, मला त्याचा भयंकर राग येतो. बघायचं काय तर: ताप १०१ च्या वर आहे का (यांची प्लीहा काम करत नाही, साधं इन्फेक्शन पण काही तासांत अंगावर येतं), नवीन खोकला-छातीत दुखणं-एसपीओटू उतरणं आहे का, लहान पोराचं पोट डाव्या बरगडीखाली एकाएकी फुगून ते पांढरंफटक पडतंय का, एका बाजूचा हातपाय किंवा तोंड लुळं पडलंय का, आणि मुलगा असेल तर लिंग ताठ राहून दुखतंय का, हे शेवटचं लाजेने कोणी आपणहून सांगत नाही. वर्ष-दीड वर्षाचं बाळ हाताचे-पायाचे पंजे सुजून आलं तर ते पडल्याने सुजलेत असं धरून चालू नका.

त्याच भागातल्या कुठल्याही लहान मुलाला बघताना दंडाचा घेर मोजायची टेप खिशात ठेवा. ६ महिने ते ५ वर्षं वयात ११.५ सेंटिमीटरच्या खाली म्हणजे अतितीव्र कुपोषण. दोन्ही पावलांवर अंगठा दाबून खड्डा राहतो का ते पण, कारण सुजलेलं पोर बाहेरून गुटगुटीत वाटतं. अशा पोराची शुगर आणि ताप दोन्ही खाली जातात, रात्री नक्की तपासा.

आपल्याकडे सीझनप्रमाणे पेशंट बदलतो, त्यामुळे डोळा पण सीझनप्रमाणे लावावा लागतो.

मे महिन्यात जळगाव-भुसावळ ४५ ला टेकतं तेव्हा बडबडणारा, तोल जाणारा, झटके आलेला पेशंट आला तर उष्माघात समजून लगेच ताप घ्या. काखेतला ताप फसवतो, घाम पुसून मोजला तरी आतल्यापेक्षा कमीच दाखवतो, जमलं तर गुदद्वारातला घ्या. ४० सेल्सिअस म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या वर आणि सोबत मेंदूचं बिघडलंय, झालं, थंड करायला सुरुवात. "घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही" हे चूक आहे, केळीच्या बागेत भर उन्हात राबून आलेल्याला घाम असताना पण उष्माघात असतो. कपडे काढा, पाणी शिंपडा, पंखा जोरात, काखेत-जांघेत-मानेला बर्फाच्या पिशव्या. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. आणि शुगर तपासा, बेशुद्ध किंवा बरळणारा कोणीही असो शुगर तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही, ७० च्या खाली म्हणजे कमी.

कपाशीवर फवारणी सुरू झाली की औषध लागलेले आणि औषध प्यालेले दोन्ही यायला लागतात. डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला लाळ-फेस, घाम, कपडे ओले, छातीत गरगर, स्नायू कातडीखाली उडताहेत, नाडी मंद (सुरुवातीला वेगात पण असू शकते) हे ऑर्गॅनोफॉस्फेट जातीच्या कीटकनाशकाचं चित्र. आधी स्वतः ग्लोव्हज घाला, त्याचे कपडे काढून पिशवीत बांधा, साबण-पाण्याने अंग आणि केस धुवा, नातेवाईकाला तो डबा आणायला पाठवा. त्याचा उतारा अ‍ॅट्रोपिन सुरू झालं की तुमची खरी ड्यूटी लागते: दर थोड्या वेळाने छाती ऐका साफ होतेय का, नाडी ८० च्या वर आहे का, वरचा बीपी ८० च्या वर आहे का, काख कोरडी झाली का. बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून काम झालं असं नाही, छाती कोरडी पाहिजे. उलट बरळायला लागला, ताप चढला, पोटावर स्टेथो लावला तर आतड्यांचा आवाजच नाही, लघवी अडकली, तर अ‍ॅट्रोपिन जास्त होतंय, कळवा. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेशंट बरा वाटतोय, नातेवाईक डिस्चार्ज मागताहेत, तेव्हाच घात होतो: २४ ते ९६ तासांत मानेचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडतात. रोज प्रत्येक पाळीत त्याला उशीवरून डोकं उचलायला सांगा. मान उचलता आली नाही तर एसपीओटू ९७ असला तरी फोन करा. प्यालेला असेल तर एकटं सोडायचं नाही, त्याच्याशी बोलताना नातेवाईकांसमोर "का केलं" विचारायचं नाही.

पावसाळ्यात साप. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार लक्षात ठेवा. मण्यारचं फार फसवं, जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावतो, खूण दिसत नाही, सूज नाही, पहाटे पोट दुखतं म्हणून येतो आणि पापण्या जड झालेल्या असतात, लोक म्हणतात झोप झाली नाही. वर बघायला सांगा, पापणी उचलली जाते का बघा, एका श्वासात किती आकडे म्हणतो ते मोजा आणि अर्ध्या तासाने परत मोजा, २५ वरून १२ वर आला तर व्हेंटिलेटरची तयारी. घोणस-फुरशात सूज आणि रक्त: सुजेची कड पेनाने आखून शेजारी वेळ लिहा, हिरड्या बघा, लघवीचा रंग बघा. रक्त गोठायची २० मिनिटांची टेस्ट तुम्हालाच करायला लावतील, २ मिली ताजं रक्त नव्या, कोरड्या काचेच्या ट्यूबमध्ये, २० मिनिटं हात न लावता, मग एकदाच तिरपी करायची. प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली ट्यूब चालत नाही, मध्ये हलवून बघितलं तर टेस्ट गेली. गावाहून घट्ट बांधून आणलेली दोरी दिसली की खस्सकन सोडू नका, डॉक्टर आणि औषधं हाताशी असताना हळूहळू.

शुद्धीसाठी ग्लासगो स्कोअर, १९७४ पासून चालत आलाय, डोळे ४, बोलणं ५, हालचाल ६, कमीत कमी ३ जास्तीत जास्त १५. नुसती बेरीज लिहू नका, तिन्ही वेगवेगळे लिहा. दुखवून बघायचं तर खांद्याचा स्नायू चिमटीत दाबा, छातीच्या हाडावर मुठीने घासून घासून कातडी सोलू नका. बोली न समजल्याने उत्तर न देणाऱ्याचे मार्क कापू नका, आधी त्याच्या माणसाला बोलू द्या. ८ किंवा खाली गेला म्हणजे तो आपला घसा सांभाळू शकत नाही असं धरायचं. म्हाताऱ्या माणसात मात्र ताप नाही, खोकला नाही, नुसतं काल सकाळपासून नातवाला ओळखत नाही एवढंच असतं आणि आत इन्फेक्शन असतं, "वयामुळे" म्हणून सोडू नका.

पोट तपासताना क्रम उलटा: बघणं, ऐकणं, ठोकणं, शेवटी हात लावणं, कारण आधी दाबलं की आतड्यांचे आवाज बदलतात. दुखती जागा सगळ्यात शेवटी, आणि हात दाबताना नजर पोटावर नाही तर पेशंटच्या चेहऱ्यावर. स्टेथो कातडीवर, शर्टावर नाही. पाठ बघायला कूस वळवा, बेडसोर तिथेच असतो, माकडहाड आणि टाचा.

लघवी मोजायला पोरांना कंटाळा येतो. मोठ्याची तासाला वजनाच्या किलोमागे अर्धा मिली, म्हणजे ५० किलोच्या माणसाची २५ मिली, लहान मुलाची किलोमागे १ मिली. युरोबॅग रिकामी दिसली तर आधी नळी दुमडली का, पेशंटच्या मांडीखाली आली का ते बघा. "युरीन पास्ड" असं लिहिण्याला काही अर्थ नाही, किती ते लिहा.

एकदा घेतलेला आकडा फारसं काही सांगत नाही, मागचा आकडा शेजारी ठेवला की सांगतो, म्हणून फोन करायच्या आधी मागचे दोन-तीन आकडे हातात घ्या. आणि फोनवर "सर पेशंट सिरीयस वाटतोय" एवढंच म्हणाल तर सर म्हणतील सलाईन चालू ठेवा. असं बोला:

"सर, मेल मेडिकलमधून सिस्टर बोलतेय, बेड १४ बद्दल. वय ६२, न्यूमोनिया, काल अ‍ॅडमिट. सकाळी श्वास २२ होता आता ३०, नाडी ९६ ची ११८, बीपी १३० वरून १००/६०, ऑक्सिजन ६ लिटरवर एसपीओटू ९०, आणि दुपारपासून बरळताहेत, शुगर १४० आहे. मला सेप्सिस वाटतंय. तुम्ही आत्ता येऊन बघा, तोवर दुसरी लाईन टाकून रक्त पाठवू का?"

विद्यार्थी असाल तर हे आधी स्टाफ सिस्टरला अगदी असंच सांगा, "मला वाटतं" म्हणायला घाबरू नका. सरांनी तोंडी सांगितलेली ऑर्डर त्यांना परत वाचून दाखवा, डोससकट. फोन कोणाला केला, किती वाजता, काय सांगितलं, काय ऑर्डर मिळाली, हे नर्सेस नोटमध्ये त्याच वेळी लिहा, ड्यूटी संपताना एकदम बसून नाही. उचलला नाही तर दहा मिनिटांनी परत, मग रजिस्ट्रार, मग इन्चार्ज सिस्टर, आणि प्रत्येक फोनची वेळ लिहायची. तोवर पेशंटला पाठ देऊन नर्सिंग स्टेशनवर बसायचं नाही, बेड वर करा, ऑक्सिजन तपासा, क्रॅश कार्ट (इमर्जन्सी औषधांची ट्रॉली) जवळ ओढा आणि पाच मिनिटांनी श्वास परत मोजा.